वेशीवरचा खोळंबा

गेल्या फाल्गुनांत आमचे एक जुने विद्यार्थी भेटीस आले होते. नाशिक जिल्ह्यांत त्यांची द्राक्षांची बाग आहे. शाळेंत असतांना ते गणितांत बेताचेच होते. आतां मात्र गाडीभाडें, औषधफवारणी, मजुरी आणि बाजारभाव यांचे असे तोंडी हिशेब करतात कीं, ते आम्हांस कागदावरहि जमूं नयेत. चहा झाल्यावर आम्हीं विचारलें, "यंदा बाग कशी काय आली रे?" ते क्षणभर थांबले व म्हणाले, "बाग उत्तम आली, गुरुजी. माल बांगलादेशांत धाडला होता. घरापासून सरहद्दीपर्यंत गाडी चार दिवसांत पोंचली आणि सरहद्दीवर सहा दिवस उभी राहिली. पेट्या उघडल्या तेव्हां वरचा थर बरा होता. खालचा पाहवला नाहीं."

आमची नात नववींत शिकते. ती जवळच बसली होती. तिनें विचारलें, "काका, आतां तर रस्ते इतके चांगले झाले आहेत. मग गाडी अडली कोठें?" त्यावर ते हंसले आणि म्हणाले, "रस्त्यावर नाहीं अडली, बाळ. कागदावर अडली."

त्या दोघांचें बोलणें पुढें दुसऱ्या विषयाकडे वळलें. पण आमच्या मनांतून तो प्रश्न जाईना. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें तोच मांडावयाचें योजिलें आहे. विषय व्यापाराचा असला तरी तो आपल्या घरापासून दूर नाहीं. ज्या कुटुंबाचा मुलगा शेती पाहतो, ज्याचा जांवई बंदरावर नोकरीस आहे किंवा ज्याच्या ताटांत परदेशची डाळ पडते, त्या प्रत्येकाचा या गोष्टीशीं संबंध येतो.

रस्ता आणि रीत

दोन देशांमधील दळणवळण सुधारावयाचें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पूल, लोहमार्ग, बंदरें आणि रुंद सडका उभ्या राहतात. हीं कामें डोळ्यांस दिसतात व त्यांच्या कोनशिला बसवितां येतात. पण माल जसा चाकांवर चालतो, तसाच तो कागदांवरहि चालत असतो. द्राक्षांची एक गाडी सरहद्द ओलांडते तेव्हां तिचें वजन, किंमत, फळावर कीड नसल्याचा दाखला, पेढीचीं पत्रें, गाडीचा परवाना, चालकाची ओळख हें सारें एकदां अलीकडच्या देशांत तपासलें जातें. आणि चार पावलें पुढें गेल्यावर तेंच सारें पलीकडच्या देशांत नव्यानें तपासलें जातें. प्रत्येक खात्याचा तक्ता वेगळा, खिडकी वेगळी आणि जेवणाची सुटीहि वेगळी.

समजा, आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी पाहुणा आला. दारांत थोरल्या भावानें त्याचें नांव-गांव विचारलें. ओसरीवर मधल्यानें पुन्हा तेंच विचारलें. माजघराच्या उंबरठ्याशीं धाकट्यानें त्याची पिशवी उघडावयास लाविली. आणि शेवटीं आंतून निरोप आला कीं, पाहुण्यांविषयीं ठरविणारे काका उद्यां येणार आहेत. वाडा कितीहि प्रशस्त बांधलेला असो, तो पाहुणा दुसऱ्यांदा त्या घराची पायरी चढणार नाहीं.

येथेंच पैसा गुंतविणाऱ्याचा प्रश्न उपस्थित होतो. मोठा पूल बांधावयास कर्ज देणारी संस्था असो वा सरकार असो, तो पैसा परत येईल कीं नाहीं हें त्यावरून किती गाड्या जातील यावर अवलंबून असतें. आमच्या विद्यार्थ्याच्याच गाडीचा हिशेब करून पाहूं. जावयास चार दिवस, उभें राहण्यास सहा, परत येण्यास चार; एकूण चौदा दिवस. महिन्यांत फार तर दोन खेपा. आतां सहा दिवसांचा खोळंबा एक दिवसावर आला असें धरा. खेप नऊ दिवसांची झाली. महिन्यांत तीन खेपा सहज होतील. त्याच रस्त्यानें, त्याच गाडीनें, त्याच चालकानें दीडपट माल वाहिला, आणि एक वीतभरहि नवा रस्ता बांधावा लागला नाहीं. उलट, रस्ता दुप्पट रुंद केला आणि सरहद्दीवरची रीत होती तशीच ठेविली, तर गाडी खोळंब्याच्या जागीं थोडी लवकर पोंचेल एवढेंच.

अंतपालाची मुद्रा

ही अडचण आजची नव्हे. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, म्हणून सहजच कौटिलीय अर्थशास्त्राची आठवण झाली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला असावी व तिच्यावर ध्वज असावा. तेथील चार-पांच अधिकाऱ्यांनीं आलेल्या व्यापाऱ्यांविषयीं लिहून घ्यावें कीं, हे कोण, कोठले, माल किती, आणि त्यावर ओळखीची मुद्रा प्रथम कोठें झाली. सीमेवरच्या अंतपालाचीं कर्तव्येंहि तेथें सांगितलीं आहेत. त्यानें मालाच्या गाडीमागें सव्वा पण 'वर्तनी', म्हणजे मार्गकर, घ्यावा. आणि वाटेंत कांहीं हरवलें वा चोरीस गेलें, तर तें त्यानेंच भरून द्यावें. परदेशच्या सार्थाचा माल त्यानें तपासावा, त्यावर खूण व मुद्रा करावी आणि तो शुल्काध्यक्षाकडे रवाना करावा.

यांतून दोन तत्त्वें निघतात. जो वाटेचा कर घेतो त्यानें वाटेची जबाबदारीहि घ्यावी, हें एक. आणि एका ठिकाणीं नीट तपासून मुद्रा झाली कीं पुढच्या अधिकाऱ्यानें त्या मुद्रेच्या आधारें काम करावें, हें दुसरें. हें दुसरें तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत नव्या रूपानें अवतरलें. मोडलेले देश पुन्हा उभे करावयाचे होते, माल हलावयास पाहिजे होता, आणि दर पन्नास कोसांवर सरहद्द लागत होती. म्हणून १९४९ सालीं कांहीं देशांनीं मिळून अशी व्यवस्था केली कीं, गाडी निघतांना तिला मोहोर लावावी, तिच्याबरोबर एकच पुस्तिका द्यावी, करबुडवेपणा झाल्यास भरपाईची हमी आधींच घेऊन ठेवावी आणि मधल्या देशांनीं मोहोर शाबूत आहे एवढें पाहून तिला जाऊं द्यावें. १९५९ सालीं तिचा करार झाला व १९७५ सालीं तो सुधारला गेला. टीआयआर या आद्याक्षरांनीं तो ओळखला जातो. भारत २०१७ सालीं त्यांत सामील झाला.

मुरगांवच्या रेल्वेची कथा

आतां घराजवळचें उदाहरण घेऊं. गोमंतकांत पोर्तुगीजांचें राज्य होतें आणि घाटावर इंग्रजांचें. मुरगांवचें बंदर निसर्गतःच चांगलें. पण घाटावरचा माल तेथें उतरवावयाचा तर मध्यें सह्याद्रि उभा आणि त्याच्या जोडीला जकातीची सरहद्द उभी. डोंगर फोडतां येतो. पण सरहद्द तशीच राहिली तर रेल्वेंत पैसा घालणार कोण?

म्हणून आधीं करार झाला. २६ डिसेंबर १८७८ रोजीं इंग्लंड व पोर्तुगाल यांनीं जो तह केला, त्यानें ब्रिटिश हिंदुस्थान आणि येथील पोर्तुगीज मुलूख यांच्यामधील जकातीची भिंत काढून टाकली. १८८० च्या आरंभीं तो अंमलांत आला. मुदत बारा वर्षांची होती. गोव्याच्या मिठावर इंग्रजांचें नियंत्रण आलें आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांनीं पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये द्यावयाचे ठरलें. ही रक्कम रेल्वेच्या भांडवलावरील व्याजाच्या हमीस उपयोगी पडली. या आधारावर इंग्रजी भांडवलाची कंपनी उभी राहिली, घाटांत बोगदे खोदले गेले आणि १८८८ सालीं मुरगांवपासून कॅसलरॉकपर्यंतची वाट पूर्ण होऊन ती सदर्न मराठा रेल्वेस मिळाली. दूधसागराच्या धबधब्याजवळून गाडी जातांना ज्यांनीं खिडकींतून मान बाहेर काढली आहे, त्यांनीं हीच वाट पाहिली आहे.

क्रम ध्यानांत घ्यावा: आधीं रीत सुधारली, मग पैसा आला, मग रूळ पडले. पण पुढची हकीकतहि तितकीच बोधप्रद आहे. १८९२ च्या जानेवारींत तहाची मुदत संपली व तो पुन्हा झाला नाहीं. बोगदे होते तेथेंच होते, रूळ होते तसेच होते. परंतु घाटाच्या अलीकडे-पलीकडे जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या. गाडी थांबावी, उतारूंनीं पेट्या-वळकट्या उघडून दाखवाव्या, मालाचे डबे तपासले जावे, हा क्रम पुढें कित्येक वर्षें चालला. रेल्वेपासून जो लाभ अपेक्षिला होता तो हातीं आला नाहीं आणि हमीच्या व्याजाचा भार मात्र पोर्तुगालच्या तिजोरीवर राहिला. १९५५ सालीं राजकीय तंट्यामुळें सरहद्दीवरून जाणाऱ्या गाड्याच बंद पडल्या. १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावर ती सरहद्दच उरली नाहीं.

या कथेची दुसरी बाजू लपविणें योग्य होणार नाहीं. ज्या तहानें रेल्वे आणली, त्यानेंच गोव्यांतील मिठागरांच्या धंद्यावर घाला घातला. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविणाऱ्या लोकांची मिळकत गेली आणि त्यांच्याशीं तहाच्या वेळीं कोणीं बोललेंहि नव्हतें. तो तह गोव्यांत अप्रिय झाला याचें हें एक मोठें कारण होतें. वाट मोकळी करतांना वाटेच्या कडेला कोण बसलें आहे हें पाहिलें नाहीं, तर मोकळी वाट पुन्हा बंद व्हावयास वेळ लागत नाहीं.

झांबेझीच्या कांठीं

आतां दूरचें, पण अलीकडचें एक उदाहरण देतों. आफ्रिकेंत झांबिया व झिंबाब्वे या दोन देशांच्या मधून झांबेझी नदी वाहते. तिच्यावर चिरुंडू येथें १९३९ सालीं झुलता पूल झाला. झांबियांत तांब्याच्या खाणी आहेत. पण त्या देशास समुद्रकिनारा नाहीं. तेव्हां तांबें दक्षिणेकडील बंदरांस न्यावयाचें आणि तेथून यंत्रें, तेल, खतें आणावयाचीं, तर चिरुंडूवरून जाणें हा एक मुख्य मार्ग. जुना पूल अपुरा पडूं लागला म्हणून २००२ सालीं जपानच्या मदतीनें तेथें दुसरा पूल बांधण्यांत आला.

नवा पूल झाला, पण गाड्यांची रांग हटली नाहीं. पूल ओलांडावयास कांहीं मिनिटें लागत आणि दोन्ही कांठांवरच्या कचेऱ्या ओलांडावयास दोन-तीन दिवस, कधीं त्याहूनहि अधिक. चालक गाडींतच निजत, गाडीखालींच स्वयंपाक करीत. अखेर दोन्ही सरकारांनीं असें ठरविलें कीं, गाडीनें एकदांच थांबावें. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीनें थेट झांबियाच्या बाजूस जावें, दक्षिणेकडे जाणारीनें थेट झिंबाब्वेच्या बाजूस. आणि तेथें एकाच आवारांत दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनीं बसून निघण्याचें व प्रवेशाचें काम उरकावें.

हें बोलावयास सोपें आहे. पण एका देशाचा अधिकारी दुसऱ्या देशाच्या भूमीवर बसून आपला कायदा कसा चालविणार? लांच घेतली तर खटला कोठें चालणार? गुन्हेगार धरला तर तो कोणाचा? या सर्वांसाठीं झिंबाब्वेनें २००७ सालीं आणि झांबियानें २००९ सालीं स्वतंत्र कायदे केले. ५ डिसेंबर २००९ रोजीं दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितींत ही एकथांबी चौकी सुरू झाली. आफ्रिकेंतील या प्रकारची ही पहिली चौकी होय. खोळंबा पुष्कळ कमी झाला; बऱ्याच गाड्या आल्या त्याच दिवशीं सुटूं लागल्या.

याचा धडा पुढच्या बांधकामांत उपयोगी पडला. त्याच नदीवर कझुंगुला येथें बोट्सवाना व झांबिया यांच्यामध्यें पूर्वी तराफ्यावरून गाड्या नेत व तेथें दिवसच्या दिवस मोडत. तेथें ९२३ मीटर लांबीचा पूल १० मे २०२१ रोजीं खुला झाला. सुमारें २६ कोटी डॉलर खर्चाच्या या कामास जपानकडून व आफ्रिकी विकास बँकेकडून कर्ज मिळालें. पण या वेळीं पुलाबरोबरच दोन्ही बाजूंच्या एकथांबी चौक्याहि मूळ योजनेंतच धरल्या होत्या. चिरुंडूस पुलानंतर सात वर्षांनीं जें सुचलें, तें येथें नकाशावरच मांडलेलें होतें.

आपल्या वेशी

आपण महाराष्ट्रीय वाचक याविषयीं अगदींच अनभिज्ञ नाहीं. मुलुंड वा दहिसर येथें मुंबईच्या वेशीवर जकातीसाठीं उभ्या असलेल्या मालगाड्यांच्या रांगा आम्हीं पाहिल्या आहेत. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां ती जकात गेली आणि राज्याराज्यांच्या सीमांवरील करनाकेहि उठले. एका देशाच्या आंत जें साधावयास स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षें लागलीं, तें दोन देशांत एका रात्रींत साधेल अशी अपेक्षा कोणी करूं नये.

तरी प्रयत्न झाले आहेत. पश्चिम बंगालांतील पेट्रापोल येथून खुष्कीच्या मार्गानें होणाऱ्या भारत-बांगलादेश व्यापाराचा फार मोठा भाग जातो. तेथें २०१६ सालीं एकत्रित तपासणी-नाका सुरू झाला. जकात, परवाना, रोगपरीक्षा, गुदामें एका आवारांत आलीं. पलीकडे बेनापोल. दोन्ही बाजूंचे सुटीचे वार निराळे आहेत. आपला रविवार, त्यांचे शुक्रवार-शनिवार. दोन्ही देशांनीं आपापली सुटी कडक पाळावयाची म्हटलें, तर आठवड्याचे तीन दिवस गेलेच! यासाठीं २०१७ सालीं तेथें दिवस-रात्र काम चालविण्याचें ठरलें. त्याआधीं १५ जून २०१५ रोजीं थिंफू येथें बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनीं मोटारवाहतुकीचा करार केला; त्यांत एका देशाची गाडी दुसऱ्या देशांत माल न उतरवितां जावी असा हेतु होता. भूतानच्या वरिष्ठ सभागृहानें तो २०१६ सालीं नाकारला. लहानशा डोंगराळ देशांत परक्या गाड्यांची गर्दी होईल, धूर वाढेल, आपल्या गाडीवाल्यांचें काम जाईल, अशी त्यांस धास्ती वाटली. ती धास्ती हास्यास्पद नव्हे. मिठागरांची कथा वर सांगितलीच आहे.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापारसुलभीकरणाचा करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अंमलांत आहे. भारतानें त्यास आदल्या वर्षीं मान्यता दिली. आम्हीं तो वाचून पाहिला. त्यांत नाशवंत मालासाठीं स्वतंत्र कलम आहे: असा माल शक्य तितक्या थोड्या वेळांत सोडावा आणि तपासणीच्या क्रमांत त्यास योग्य अग्रक्रम द्यावा. शेजारी देशांनीं कामाचे दिवस व वेळा जुळवाव्या, सामायिक आवार करावें, एकथांबी चौकी उभारावी, हेंहि त्यांत आहे. म्हणजे औषध ठाऊक आहे. पथ्य पाळण्याचा प्रश्न आहे.

आणि पथ्य मोडावयास नेहमीं पलीकडचाच जबाबदार असतो असेंहि नाहीं. १४ सप्टेंबर २०२० रोजीं आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्यें आपल्या सरकारनें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली. शहरांतील गृहिणींस कांदा स्वस्त मिळावा हा हेतु आम्ही समजूं शकतों. आमच्या घरीं चौदा माणसांचा स्वयंपाक होतो. पण जी गाडी नाशकाहून निघाली तेव्हां कायदेशीर होती, ती सरहद्दीवर पोंचेपर्यंत बेकायदेशीर व्हावी, यांत शेतकऱ्याचा काय अपराध? पुलाचा दगड जसा पक्का लागतो, तसा राज्यकर्त्याचा शब्दहि पक्का लागतो. आज सोडूं आणि उद्यां अडवूं, असें ज्या वेशीवर चालतें, तेथें शहाणा सावकार पैसा घालीत नाहीं.

कोणी म्हणतील, तपासणी सैल केली कीं चोरटा माल येईल. या शंकेचें उत्तर असें कीं, सर्वांची सारखीच तपासणी करणें म्हणजे कोणाचीच नीट न करणें होय. आम्ही चाळीस मुलांच्या वर्गांत वह्या तपासीत असूं. ज्याचें काम वर्षानुवर्षें चोख असे, त्याची वही अधूनमधून पाहत असूं. आणि ज्याच्याविषयीं शंका असे, त्याची रोज. त्यामुळें कोणी फसविलें नाहीं असें नाहीं, पण शिकवावयास वेळ उरला. जकातखात्यानेंहि ज्याचा व्यवहार स्वच्छ त्याची गाडी लवकर सोडावी, संशयिताची कसून पाहावी, आणि कागद गाडी येण्यापूर्वीच मागवून घ्यावे.

आणि सरहद्दीवर ज्यांचें पोट खोळंब्यावरच चालतें, ते हमाल, मुनीम, वाहनतळवाले, खाणावळवाले, त्यांचाहि विचार आधींच व्हावा. त्यांस नव्या आवारांत काम मिळावें. तसें न केल्यास तेच लोक नव्या रीतीचे शत्रु होतील, आणि तो दोष त्यांचा असणार नाहीं.

परवां त्या विद्यार्थ्याचा दूरध्वनि आला होता. बागेची छाटणी झाली आहे. यंदा माल परदेशीं धाडणार काय, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "निम्मा धाडीन म्हणतों, गुरुजी. निम्मा इथेंच विकीन. सगळा धाडावयास धीर होत नाहीं." आमच्या नातीनें तें ऐकलें आणि वहींत उदाहरण मांडलें: चौदा दिवसांच्या ऐवजीं नऊ दिवस लागले तर काकांस किती अधिक मिळेल? उत्तर तिला बरोबर आलें. ज्यांनीं तें उदाहरण खरोखर सोडवावयाचें आहे, त्यांसहि तें लवकर यावें, एवढीच आमची इच्छा आहे.